अर्ली डिसिजनचा होकार आणि आर्थिक मदतीचा अंधार: सही करण्याआधी आणि निकालानंतर काय करायचं

अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ली डिसिजनने अर्ज करणं म्हणजे एकाच कॉलेजला शब्द देणं: तुम्ही घेतलंत तर मी येणारच, आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घेणार. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या असतात. अर्ज बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत जातो आणि निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो. मग होकार कळवून डिपॉझिट भरायला जेमतेम दोन-चार आठवडे मिळतात. आपल्याला नक्की किती पैसे भरावे लागणार हे त्या निकालासोबतच कळतं, आणि तुलना करायला तेव्हा दुसऱ्या कुठल्याच कॉलेजचं पत्र हातात नसतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की हा निर्णय डिसेंबरचा नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरचा आहे. वर्षाला जास्तीत जास्त किती डॉलर झेपतील हा आकडा घरात ठरलेला नसेल, तर अर्ली डिसिजनच्या कागदावर सही करू नये. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबं आणि पुण्या-मुंबईहून थेट बारावीनंतर अर्ज करणारी मुलं, दोघांना डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहिते आहे. दोघांच्या अडचणी बऱ्याच वेगळ्या आहेत.

आधी कुठला ‘अर्ली’ ते पाहा

अर्ली ॲक्शन बंधनकारक नसतं. निकाल लवकर मिळतो आणि उत्तर १ मेपर्यंत देता येतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांच्याकडे मर्यादित अर्ली ॲक्शन असतं. तिथे इतर खासगी कॉलेजांत लवकर अर्ज करण्यावर निर्बंध असतात, पण प्रवेश मिळाला तरी जायलाच हवं असं नाही. अर्ली डिसिजन मात्र बांधून घेतं. त्याचीच दुसरी फेरी, अर्ली डिसिजन टू, साधारण जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज आणि फेब्रुवारीत निकाल अशी असते, आणि तीही तितकीच बांधून घेते. ज्या घराला आकडेमोडीला वेळ हवा आहे त्याने पहिली फेरी सोडून दुसरीचा विचार करावा. दोन महिने जास्त मिळतात आणि तोवर अर्ली ॲक्शनची एक-दोन पत्रंही हातात आलेली असतात.

अर्ली डिसिजनमध्ये प्रवेशाचं प्रमाण जास्त दिसतं हे खरं, आणि काही खासगी कॉलेजं निम्म्याहून अधिक वर्ग याच मार्गाने भरतात. पण त्या आकड्यांत आधीच ठरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात. सगळा फायदा तुमच्या मुलाच्या वाट्याला येईल असं धरू नका.

पहिलं काम: मुलाचा व्हिसा आणि नागरिकत्व समोर ठेवा

मराठी घरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मुलगी इथेच लहानाची मोठी झाली, सगळी शाळा इथेच झाली, म्हणून आई-वडील तिला ‘इथली’ धरून चालतात. पण ती एच-४ वर (आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेला कुटुंबाचा व्हिसा) असेल तर तिला फॅफ्सा हा सरकारी मदतीचा अर्ज भरून मिळणारी केंद्र सरकारची मदत मिळत नाही. ती नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि मोजक्या इतर गटांना असते. त्यात पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) आली, सरकारी कर्ज आलं, सरकारी वर्क-स्टडीही (शिकता शिकता करायचं पगारी काम) आलं. शिवाय कित्येक खासगी कॉलेजं मदतीच्या बाबतीत एच-४ वरच्या मुलांना परदेशी विद्यार्थ्यांतच मोजतात.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक कॉलेजं प्रवेश ठरवतानाच त्यांची आर्थिक गरज विचारात घेतात. म्हणजे मदत मागितली की प्रवेशाची शक्यताच कमी होऊ शकते. गरज न पाहता प्रवेश देणारी आणि पूर्ण गरज (कॉलेजच्या हिशेबाने घराला न झेपणारा सगळा खर्च) भागवणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी त्यांत आहेत, पण त्यांच्याकडे अर्ली डिसिजन नाही. अर्ली डिसिजन असलेल्यांपैकी ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राउन यांनी परदेशी मुलांसाठी हे धोरण स्वीकारलं आहे. या यादीबाहेरच्या कॉलेजला अर्ली डिसिजन द्यायचं असेल तर सप्टेंबरमध्येच त्यांच्या एड ऑफिसला (आर्थिक मदतीच्या कार्यालयाला) ईमेल करा आणि तीन गोष्टी विचारा. आमच्या व्हिसाच्या मुलांना तुमच्याकडे मदत मिळते का? ती मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होतो का? आत्ता मदत मागितली नाही तर पुढच्या वर्षांत मागता येते का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच ठिकाणी ‘नाही’ असं येतं. परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर चारही वर्षं दार बंद. ‘आत्ता मागायची नाही, प्रवेश मिळाला की पुढच्या वर्षी बघू’ हा सल्ला ओळखीपाळखीत सर्रास दिला जातो. हे उत्तर लेखी हातात आल्याशिवाय त्या वाटेने जाऊ नका. उत्तर ईमेलनेच घ्या. फोनवर कुणी काय सांगितलं हे डिसेंबरमध्ये कामी येत नाही.

दुसरं काम: घरचा आकडा

वर्षाला किती झेपेल हे तीन भागांत मांडा. चालू पगारातून दरमहा किती बाजूला निघेल. साठवलेल्यातून चार वर्षांत किती काढता येईल, आणि इथे म्हातारपणाची पुंजी सोडून बोला. तिसरं, किती कर्ज काढायची तयारी आहे आणि ते कुणाच्या नावावर.

कर्जाच्या मर्यादा आता आणखी आवळल्या आहेत. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलाला त्याच्या स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे वर्षाला ७,५०० मिळतं. एकूण मर्यादा ३१,००० डॉलर. पालकांनी घ्यायचं पेरेंट प्लस कर्ज पूर्वी उरलेल्या सगळ्या खर्चाइतकं काढता यायचं. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून त्याला वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा घातली. ‘उरलेलं प्लस लोनमधून काढू’ हे आता प्रत्येक घराला जमणार नाही. त्यापलीकडे खासगी कर्ज आणि त्याचा व्याजदर, हा हिशेब आधीच करून ठेवा.

भारतातून पैसे पाठवणार असाल तर रुपयाचा हिशेब चार वर्षांचा करा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये डॉलर साधारण ७४ रुपयांना होता, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ८७ च्या पुढे गेला. वर्षाचे ५०,००० डॉलर म्हणजे तेव्हा ३७ लाख आणि चार वर्षांनी साडेत्रेचाळीस लाख, फी एक डॉलरनेही वाढली नाही तरी. बाहेर पाठवलेल्या रकमेवर ठरावीक मर्यादेपुढे टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर तो मिळतो खरा, पण तोवर रोख अडकलेली असते. शिवाय कॉलेज आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद) देण्याआधी किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय कागदोपत्री पाहतं. बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर व्हायला काही आठवडे जातात आणि मोठ्या रकमेला बहुधा फ्लॅट किंवा जमीन तारण लागते. आजोबांचा फ्लॅट तारण ठेवायचा असेल तर ती चर्चा ऑक्टोबरमध्येच करा. तो फ्लॅट अजून आजीच्याही नावावर आहे हे डिसेंबरमध्ये आठवून उपयोग नाही.

हा आकडा मुलाला सांगा, आणि अर्ज भरण्याआधी सांगा. ‘तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू’ असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. त्यामागे माया असते हे मान्य. पण त्याच मुलाची सही त्या कागदावर असणार आहे. सतरा वर्षांचा मुलगा हा आकडा नीट समजू शकतो.

तिसरं काम: नेट प्राइस कॅल्क्युलेटर, आणि तो कुठे फसवतो

अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारा तक्ता, असतो. २०११ पासून ते कायद्याने बंधनकारक आहे. तो त्याच कॉलेजचा वापरा, दोघा पालकांनी बसून वापरा, आणि कर विवरणपत्र समोर ठेवून भरा. आलेलं पान पीडीएफ करून तारखेसकट जपून ठेवा. पुढे मदत कमी आली तर एड ऑफिसशी बोलताना हाच कागद उपयोगी पडतो.

पगारदार आई-वडील, एक घर, साधी बचत अशा कुटुंबाला त्यातून बऱ्यापैकी खरा अंदाज मिळतो. स्वतःचा धंदा, घटस्फोट, भाड्याने दिलेली मालमत्ता असेल तर अंदाज हलतो. परदेशी विद्यार्थ्यासाठी तर तो बहुधा बनवलेलाच नसतो.

आपल्या लोकांचा अंदाज चुकतो तो भारतातल्या मालमत्तेमुळे. कोथरूडचा फ्लॅट, गावाकडची जमीन, बँकेतल्या मुदत ठेवी हे सगळं फॅफ्सा आणि सीएसएस प्रोफाइल (अनेक खासगी कॉलेजं स्वतःच्या मदतीसाठी मागतात तो फॉर्म) दोन्हीकडे लागू होतं. मालमत्ता परदेशात आहे म्हणून ती सुटत नाही. सातबाऱ्यावर तीन भावांसोबत तुमचं नाव असेल तर तुमच्या हिश्श्याची किंमतच लिहायची, पण ती लिहायची. वडिलोपार्जित जमीन विकता येत नाही, वाटणी झालेली नाही, काका कसतात, हे सगळं खुलाशाच्या रकान्यात स्वच्छ लिहा. लपवू नका. कागदपत्रांची तपासणी होते, आणि खोटी माहिती निघाली तर मदतच काय, प्रवेशही जाऊ शकतो.

आजी-आजोबांनी नातवाच्या नावावर ठेव केलेली असते, तिच्याकडेही बघा. फॅफ्साच्या सूत्रात पालकांच्या मालमत्तेतला फार तर ५.६४ टक्के भाग दरवर्षी फीसाठी उपलब्ध धरला जातो, पण मुलाच्या स्वतःच्या नावावरच्या पैशातला २० टक्के. घराच्या किमतीबाबत मात्र प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा आहे. राहतं घर फॅफ्सा मोजत नाही, सीएसएस त्याची माहिती मागतं, आणि पुढे ती किती धरायची ते कॉलेज ठरवतं. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या घराची किंमत आज दुप्पट झाली असेल तर हा प्रश्न एड ऑफिसला मुद्दाम विचारा.

आता दोन आकडे शेजारी ठेवा: घरचा आणि कॅल्क्युलेटरचा. कॅल्क्युलेटरचा आकडा घरच्या आकड्याच्या आत असेल, कॉलेज पूर्ण गरज भागवणारं असेल आणि मुलाला खरोखर तेच हवं असेल, तर अर्ली डिसिजन जरूर द्या. आकडा काठावर असेल, किंवा सगळी भिस्त गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीवर असेल, तर देऊ नका. गुणवत्तेची शिष्यवृत्ती हे कॉलेजचं मुलाला ओढून घेण्याचं साधन आहे, आणि जो आधीच बांधला गेला त्याला ओढायची गरज उरत नाही. आयव्ही लीगच्या कॉलेजांत तर गुणवत्तेची शिष्यवृत्ती मुळात नसतेच.

चौथं काम: फॉर्म वेळेवर, आणि दुसरी वाट उघडी

मदतीचे फॉर्म प्रवेशाच्या अर्जाइतकेच तारखेला बांधलेले असतात. सीएसएस प्रोफाइल १ ऑक्टोबरला उघडतं आणि अर्ली डिसिजनवाल्यांसाठी त्याची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपते. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी फॉर्म १६, विवरणपत्र आणि बँकेचे उतारे आधीच स्कॅन करून ठेवावेत. एखादा कागद राहिला तर प्रवेशाचं पत्र मदतीशिवाय येतं, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

अर्ली डिसिजनच्या जोडीला सरकारी विद्यापीठांत अर्ली ॲक्शनने अर्ज करता येतो. रटगर्स, पर्ड्यू, इलिनॉय यांची अर्ली ॲक्शनची मुदत १ नोव्हेंबरच्या सुमारास असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्ज नोव्हेंबरअखेर जातात. जानेवारीत मुदत असलेल्या नेहमीच्या फेरीचे निबंधही डिसेंबरचा निकाल लागण्याआधी लिहून तयार ठेवा. मुलं कंटाळतात, ‘तिथे मिळालं तर हे वाया’ म्हणतात. तरी लिहून घ्या. कारण मदत अपुरी आली आणि तुमच्याकडे दुसरा एकही अर्ज नसला, तर नाइलाजाने ‘हो’ म्हणावं लागतं.

पाचवं काम: पत्र उलगडून वाचा

समजा पत्र असं आलं. वर्षाचा एकूण खर्च ९२,००० डॉलर. कॉलेजची ग्रँट ३८,०००. मुलाचं सरकारी कर्ज ५,५००. वर्क-स्टडी २,५००. खाली ठळक अक्षरांत ‘तुमचा वाटा ४६,०००’.

तो ४६,००० खरा नाही. कर्ज फेडायचं आहे आणि वर्क-स्टडीचे पैसे मुलाने सत्रभर काम केल्यावर पगार म्हणून मिळतात, फीमधून वजा होऊन नव्हे. खर्चातून फक्त ग्रँट वजा करा. ९२ मधून ३८ गेले, राहिले ५४,०००. घरात ठरवलेला आकडा याच ५४,००० शी ताडून पाहायचा. एकूण खर्चात विमान प्रवास, पुस्तकं आणि आरोग्य विमा धरला आहे का तेही बघा. आरोग्य विम्याचे काही हजार डॉलर कधी कधी वेगळेच लागतात.

मग चार वर्षं मोजा. ग्रँट ३८,००० वरच राहिली आणि खर्च दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढला, तर चार वर्षांचं देणं २ लाख १६ हजार न राहता २ लाख ३९ हजारांच्या घरात जातं. पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं बहुधा खर्चासोबत ग्रँटही वाढवतात. तरी विचारून घ्या. मोठं भावंड सध्या कॉलेजात असेल तर ते बाहेर पडल्यावर तुमची मदत किती कमी होईल, हाही प्रश्न त्याच ईमेलमध्ये घाला. फॅफ्साच्या सूत्राने भावंडांची सवलत काढून टाकली आहे, पण सीएसएस वापरणारी अनेक कॉलेजं ती अजून देतात.

सहावं काम: फरक पडत असेल तर त्याच आठवड्यात लिहा

थांबू नका आणि भांडूही नका. एड ऑफिसला फेरविचाराची विनंती करा. पत्र एका पानाचं असावं: प्रवेशाबद्दल आभार, यायची मनापासून इच्छा आहे, तुमच्याच कॅल्क्युलेटरने अमुक तारखेला अमुक आकडा दाखवला होता, पत्रात इतका फरक आहे, आणि वर्षाला इतके डॉलर आम्हाला झेपतील. तो आकडा स्पष्ट लिहा. ‘जमेल तेवढं करा’ अशा विनवणीवर त्यांना काही करता येत नाही.

सोबत पुरावा द्या. फॅफ्सा आणि सीएसएस दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न पाहतात. मधल्या काळात नोकरी गेली असेल, पगार कमी झाला असेल, एकदाच मिळालेल्या शेअर्समुळे त्या वर्षीचं उत्पन्न फुगलं असेल, तर कागद जोडा. भारतात आई-वडिलांच्या औषधपाण्याला दरमहा पैसे जात असतील तर बँकेच्या ट्रान्सफरच्या नोंदी जोडा. हा खर्च फॉर्ममध्ये दिसत नाही आणि बरेच जण तो सांगायलाच लाजतात. अवश्य सांगा. डिपॉझिटची मुदत फेरविचार होईपर्यंत वाढवून मागा, तीही लेखी.

पत्र विद्यार्थ्याच्या नावाने जावं, आकड्यांची बाजू पालकांनी सांभाळावी, आणि काउन्सेलरला पहिल्या दिवसापासून कळवत राहावं.

सातवं काम: तरीही जमत नसेल तर

कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना एकाच फॉर्मवर अर्ज करण्याची सोय) अर्ली डिसिजनच्या करारातच तरतूद आहे. विद्यार्थ्याने मदतीसाठी अर्ज केला आणि मिळालेल्या मदतीत शिकणं शक्य नसेल, तर तो प्रवेश नाकारून शब्दातून मोकळा होऊ शकतो. यातली पहिली अट लक्षात ठेवा. मदत मागितलीच नसेल तर हे कारण सांगता येत नाही. कॉलेज कुणाला ओढून नेत नाही, आणि फी भरली नाही म्हणून या कराराखाली कोर्टात खेचतही नाही.

तरी हा शब्द हलका नाही. ‘आता दुसरं कॉलेज जास्त आवडतं’ म्हणून मदतीचं निमित्त करणं चूक आहे, आणि त्याची झळ मागच्यांना बसते. २०२५ मध्ये टुलेन विद्यापीठाने कोलोराडोतल्या एका शाळेच्या विद्यार्थ्यांना वर्षभर अर्ली डिसिजनची दारं बंद केली, कारण आधीच्या एका विद्यार्थ्याने शब्द मोडला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या केंद्रीय न्यायालयात ३२ कॉलेजांविरुद्ध अर्ली डिसिजनमुळे स्पर्धा मारली जाते असा दावाही दाखल झाला. त्या दाव्याच्या भरवशावर आज सही करू नका.

आकडा खरोखर जमत नसेल तर एड ऑफिसशी शेवटचं बोलणं झाल्यावर, त्यांच्या अंतिम उत्तरासह, प्रवेश कार्यालयाला मोकळं करण्याची लेखी विनंती करा. एकदा मोकळे झालात की ती जागा परत मिळत नाही, ती नेहमीच्या फेरीतही नाही. म्हणून जानेवारीच्या पहिल्या दिवसांतल्या मुदतींचे अर्ज आधी भरा. करार प्रवेश स्वीकारल्यावर बाकीचे अर्ज मागे घ्यायला सांगतो. मदतीचा निर्णय बाकी असेल तोवर ते ठेवता येतील का, हे त्या कॉलेजलाच विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी ‘हो’ म्हणतात. मुलाला या आठवड्यांत सांभाळा. इन्स्टाग्रामवर अभिनंदन झालेलं असतं, आजीने गावभर पेढे वाटलेले असतात. मोकळं होण्याचं कारण नातेवाइकांना काय सांगायचं हे आई-वडिलांनी स्वतःवर घ्यावं, मुलावर टाकू नये.

‘हो’ म्हणालात तर

बाकीचे अर्ज लगेच मागे घ्या. मदत बहुतेक ठिकाणी दरवर्षी नव्याने मागावी लागते, म्हणून पुढच्या तीन वर्षांच्या तारखा आजच कॅलेंडरमध्ये टाका.

आणि घरात एच-४ असेल तर मुलाचा एकविसावा वाढदिवस कॉलेजच्या कुठल्या वर्षात येतो ते बघा. बहुधा तिसऱ्या. त्या दिवशी एच-४ संपतं आणि बऱ्याच मुलांना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. खासगी कॉलेजची मदत त्याने सहसा बदलत नाही, पण सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशाची फी लागू असेल तर ती पुढे राहील का हे प्रत्येक राज्याच्या नियमावर ठरतं. ग्रीन कार्ड मध्येच हातात आलं तर उलट, त्या वर्षापासून फॅफ्सा भरता येतो. तसं झाल्यास कॉलेज स्वतःच्या मदतीचं काय करेल, ही चौकशी डिपॉझिट भरण्याआधीच्या ईमेलमध्ये घाला.